सिनेटर म्हणजे खासदार की आमदार? गझाला हाश्मींच्या निमित्ताने, सोप्या भाषेत

२०१९ च्या नोव्हेंबरात, आमच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या निवडणूक निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून मामांचा व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळ झालेली, इकडे माझा चहासुद्धा व्हायचा होता, आणि कसा आहेस वगैरे काही नाही, थेट मुद्द्यालाच हात. "काय रे, आपल्या हैद्राबादची कुणी बाई तुमच्या तिकडं सिनेटर झाली म्हणायलेत. म्हंजे राज्यसभेत गेली का ती?"

"आपल्या हैद्राबादची" म्हणण्यात काही चूक नाही, मोठं ऑपरेशन असो नाहीतर लग्नाचा बस्ता, आमच्या घरची गाडी तिकडेच वळते. मी घाईघाईत "हो मामा, तसंच काहीतरी" म्हणून विषय मिटवला. पण ते तसंच काहीतरी अजिबात नव्हतं, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की व्हर्जिनियात इतकी वर्षं राहून मलाच ते नीट सांगता आलं नसतं. म्हणून हा लेख, मामांसाठी आणि मामांसारखे प्रश्न पडणाऱ्या सगळ्यांसाठी.

तर आधी शब्दाचा घोळ. अमेरिकेत सिनेटर दोन प्रकारचे असतात आणि पेपरवाले कित्येकदा दोघांनाही नुसतं सिनेटर म्हणतात. एक वॉशिंग्टनचे, प्रत्येक राज्याचे दोन, एकूण १००, हे झाले राज्यसभेच्या जवळपास जाणारे. दुसरे राज्याचे, म्हणजे स्टेट सिनेटर. इथे ५० राज्यांपैकी नेब्रास्का सोडलं तर प्रत्येक राज्यात विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत आणि त्यातल्या वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. व्हर्जिनियात सिनेटमध्ये ४० जण, मुदत चार वर्षं, आणि खालच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये १०० जण, मुदत दोन वर्षं. गझाला हाश्मी २०१९ ला निवडून आल्या त्या या ४० मध्ये. म्हणजे खासदार नाही, आमदार.

आता तुम्ही म्हणाल, मग विधान परिषदच की. नाव घ्यायला सोपं म्हणून चालेल, पण फरक मोठा आहे. आपल्या विधान परिषदेत ७८ जण, त्यांतले काही आमदारांनी निवडलेले, काही नगरपालिका-जिल्हा परिषदवाल्यांनी, काही पदवीधरांनी, काही शिक्षकांनी, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले, तुम्ही-आम्ही सरळ उठून मत देऊन परिषदेचा आमदार करत नाही. आणि अधिकार? परिषदेला विधेयक काही महिने अडवून धरता येतं, पैशाचं विधेयक तर फक्त १४ दिवस, शेवटी विधानसभा म्हणेल तेच होतं. इथे तसं नाही. स्टेट सिनेटरला लोक सरळ मत देतात आणि सिनेट नाही म्हणाली की विधेयक मेलं, खालच्या सभागृहातल्या शंभरच्या शंभर जणांनी हात वर केले तरी मेलं. म्हणजे ४० मधले २१ लोक एका बाजूला बसले की राज्याचा कुठलाही कायदा त्यांच्या दारातूनच जाणार. हा २१ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक गंमत म्हणजे पगार. व्हर्जिनियाच्या सिनेटरला वर्षाला १८,००० डॉलर मिळतात. अमेरिकेतल्या हिशोबाने हा पगार नाही, मानधन आहे, एवढ्यात इथे वर्षाचं घरभाडंही धड निघत नाही. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी त्याहून कमी, बाकी वर्षभर माणूस आपापल्या धंद्याला मोकळा. म्हणून सभागृहात वकील, डॉक्टर, शेतकरी, मास्तर असे लोक दिसतात आणि प्रत्येक जण आपला धंदा डोक्यात घेऊनच येतो. मला वाटतं इथल्या उमेदवाराची पार्श्वभूमी बघायची ती यासाठी. पण २०१९ ला हेडलाइन काय होत्या, तर व्हर्जिनियाच्या सिनेटमधली पहिली मुस्लिम, पहिली दक्षिण आशियाई. खरं आहे, आणि लहान गोष्टही नाही, पण त्यावरून ही बाई सभागृहात जाऊन करणार काय हे कळत नाही. ते कळतं त्यांच्या नोकरीवरून.

हाश्मींचा जन्म १९६४ चा, हैदराबादचा. लहानपण मलकपेटला आजोळी. वडील शिकायला अमेरिकेत गेलेले, जॉर्जिया राज्यात, आणि १९६९ मध्ये चार वर्षांची गझाला आई आणि मोठ्या भावाबरोबर तिकडे पोचली. गाव स्टेट्सबरो, छोटं कॉलेजचं गाव, वडील तिथल्या कॉलेजात शिकवायला लागले. तो काळ बघा. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा आहे असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा, पण जॉर्जियातल्या कित्येक गावांत शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या त्या १९७० च्या आसपास. म्हणजे ही मुलगी शाळेत गेली ती नेमकी त्या घुसळणीत, आणि ती स्वतः ना काळी ना गोरी, गावात असं दिसणारं दुसरं घर असलंच तर एखादं.

पुढे जॉर्जिया सदर्नमधून इंग्रजीत बीए, अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीतून अमेरिकन साहित्यात पीएचडी, १९९१ ला नवऱ्याबरोबर व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला आल्या आणि मग जवळपास तीस वर्षं कॉलेजात शिकवणं, त्यातला बहुतेक काळ रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात.

इथे जरा थांबतो कारण कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते कळलं नाही तर पुढचं सगळं हवेत जाईल. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी कमी, प्रवेशाला मार्कांची मारामारी नाही. आपल्याकडे नेमकं असं काही नाही, आयटीआय, नाइट कॉलेज आणि बीएची पहिली दोन वर्षं एका पातेल्यात कालवली तर जे होईल ते. माझी बायको इथे आल्यावर व्हिसामुळे नोकरी करू शकत नव्हती तेव्हा तिने अशाच एका कॉलेजात अकाउंटिंगचा कोर्स केला. संध्याकाळचा वर्ग. शेजारी कोण, तर दिवसभर गोडाऊनमध्ये खोकी उचलून आलेला विशीतला पोरगा, पलीकडे नर्सिंगला जायचं म्हणून गणित पक्कं करणारी दोन लेकरांची आई, तिची सांभाळणारी नाही आली की धाकटं मागच्या बाकावर जॅकेट पांघरून झोपायचं, आणि सर शिकवताना आवाज बारीक करायचे. बायको म्हणायची, इथे कुणी नापास झालं तर अभ्यास केला नाही म्हणून नाही होत, गाडी बंद पडली म्हणून होतं. इथे गाडी बंद पडली की खरंच सगळं बंद पडतं, बस नावापुरती.

असा वर्ग ज्याने वर्षानुवर्षं बघितला त्याला शिक्षण म्हणजे नुसता अभ्यासक्रम वाटत नाही, त्यात घरभाडं येतं, दवाखाना येतो, पाळणाघर येतं. हाश्मी तिथे नुसत्या शिकवत नव्हत्या, शिक्षकांना चांगलं कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण देणारं केंद्र त्यांनी कॉलेजात उभं केलं. म्हणजे थोडक्यात, मास्तरांच्या मास्तर. म्हणून मी पुढे त्यांना मॅडमच म्हणतो, आपल्याकडे तसंच म्हणतात.

राजकारणाशी २०१९ पर्यंत संबंध शून्य, साधी स्कूल बोर्डाची, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाची, निवडणूकही लढवलेली नव्हती. त्या स्वतः सांगतात की कलाटणी मिळाली २०१७ च्या जानेवारीत. ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष झाल्यावर आठवड्याभरात, २७ जानेवारीला, सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी घालणारा हुकूम निघाला. लहानपणापासून इथे वाढलेल्या बाईला प्रश्न पडला की या देशात आपल्याला जागा आहे का नाही. तेव्हा असा प्रश्न पडलेले खूप होते, बहुतेकांनी फेसबुकवर लिहिलं, मीही त्यातलाच. या मॅडम डेमोक्रॅट पक्षाकडून उमेदवारी अर्ज भरून आल्या.

मतदारसंघ सिनेटचा दहावा. रिचमंड शहराचा एक तुकडा, चेस्टरफील्ड काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एक तुकडा आणि अख्खी पोहाटन काउंटी. म्हणजे एका टोकाला कॉफी शॉप, सायकलवाले, दुसऱ्या टोकाला घोडे, गवताचे गठ्ठे, पिकअप ट्रक आणि मधे आमच्यासारखी सबर्बवाली जनता, जिला फक्त शाळा चांगली हवी आणि हायवेला ट्रॅफिक नको. सीटवर ग्लेन स्टर्टेव्हंट नावाचे रिपब्लिकन, पेशाने वकील, आधी रिचमंडच्या स्कूल बोर्डावर काम केलेले, २०१५ ला निसटत्या फरकाने आलेले. वाईट उमेदवार नव्हते, माहिती असलेला माणूस होता.

त्या ऑक्टोबरात रस्ताभर लॉनमध्ये पाट्या. इथे आपल्यासारखे फ्लेक्स नाहीत, पुठ्ठ्याएवढी प्लास्टिकची पाटी, खाली तारेचे दोन पाय, गवतात खुपसायचे, बस, जोराचा वारा आला की दोन्ही पक्ष आडवे. एका शनिवारी बेल वाजली, दारात साठीच्या एक बाई, हातात फोन, त्यात घरोघरची मतदार यादी. त्यांनी ज्याचं नाव विचारलं तो आमच्या घराचा आधीचा मालक. मी म्हटलं ते गेले, आम्ही राहतो आणि आम्ही नागरिक नाही, आम्हाला मत नाही. मला वाटलं सॉरी म्हणून जातील. त्या म्हणाल्या, मुलं शाळेत जातात ना, मग तुमचा संबंध आहेच, आणि पायरीवर उभ्या राहून दहा मिनिटं मला शाळेला पैसे कुठून येतात ते सांगितलं. खरं सांगतो, इतकी वर्षं कर भरत होतो, मला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी इथल्या गणपतीत मात्र वेगळाच सीन. मोदकाच्या रांगेत विषय निघाला आणि पहिला प्रश्न हाच, ग्रीन कार्डचं काय करणार या? एच वन बीचं? काहीही नाही. करूच शकत नाहीत. व्हिसा, सीमा, परराष्ट्र धोरण, हे सगळं वॉशिंग्टनचं काम, स्टेट सिनेटरचा त्यात काडीचा संबंध नाही. म्हणून कुठल्याही स्टेट सिनेटच्या उमेदवाराचं पत्रक हातात आलं की मी आता पहिल्यांदा हेच बघतो, हे राज्याच्या हातात आहे का? नसेल तर ते वाक्य नुसतं सजावटीचं समजायचं, मग उमेदवार कुठल्या का पक्षाचा असेना. मॅडमच्या पत्रकात शिक्षण, आरोग्य, बंदुका आणि पर्यावरण, आणि हे सगळे विषय राज्याच्या हातातले.

शिक्षणापासून सुरू करू. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा पगार राज्य सरकार देतं. इथे सरकारी शाळेचा खर्च मुख्यतः दोन खिशांतून निघतो, एक राज्याचा, दुसरा काउंटीचा किंवा शहराचा, आणि काउंटीचा खिसा भरतो घरपट्टीतून. म्हणजे जिथे घरं महाग तिथे घरपट्टी जास्त, तिथे शाळेला पैसा जास्त, म्हणून तिथे चांगल्या शाळा, म्हणून घरं अजून महाग. इथले मराठी लोक घर घेताना स्कूल रेटिंग बघतात ना, त्यामागे हे चक्र आहे, फक्त आपण त्याला चांगला एरिया म्हणतो. हे चक्र थोडं मोडायला राज्याचं एक सूत्र आहे, कुठल्या शाळेला किमान किती माणसं लागतात ते धरून खर्च काढायचा आणि श्रीमंत भागाला राज्याने कमी द्यायचं, गरीब भागाला जास्त, सरासरी राज्याचा वाटा ५५ टक्के.

कागदावर छान. पण ते किमान ठरवणार कोण, तर विधिमंडळ. आणि २००८-०९ च्या मंदीत पैसे वाचवायला विधिमंडळाने शिपाई, नर्स, ऑफिसचे लोक असल्या मदतनीस जागांसाठी राज्य किती पैसे देईल यावर कमाल मर्यादा घातली, आणि मंदी गेली तरी ती मर्यादा पुढे बरीच वर्षं तशीच राहिली. २०२३ मध्ये विधिमंडळाच्याच तपासणी आयोगाने अहवाल दिला की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थी मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी आहे, म्हणजे मुलामागे साधारण १,९०० डॉलर. हा विषय इतका कंटाळवाणा आहे की यावर कुणी मोर्चा काढत नाही, टीव्हीवर चर्चा होत नाही. पण मॅडम २०२४ पासून सिनेटच्या शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि शिक्षणाचं कुठलं विधेयक सभागृहापर्यंत पोचणार आणि कुठलं समितीतच झोपणार, हे त्या खोलीत ठरतं.

आरोग्याचं थोडक्यात सांगतो. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठी सरकारी आरोग्य विमा, पैसे केंद्र आणि राज्य मिळून घालतात. ओबामांच्या कायद्यानंतर जरा बरं कमावणाऱ्यांनाही यात घ्यायची सोय झाली, दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के उत्पन्नापर्यंत, आणि नव्या लोकांचा ९० टक्के खर्च केंद्र देणार, पण घ्यायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. व्हर्जिनियाने वर्षानुवर्षं घेतलं नाही. शेवटी २०१८ ला चार रिपब्लिकन सिनेटर दुसऱ्या बाजूला गेले तेव्हा ते पास झालं आणि १ जानेवारी २०१९ पासून सुरू झालं. स्टर्टेव्हंट त्या चौघांत नव्हते. उद्या केंद्राने हात आखडला तर राज्याच्या गळ्यात पडेल ही विरोध करणाऱ्यांची भीती, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण संध्याकाळच्या वर्गातली ती नर्सिंगवाली बाई आठवली की मॅडमची बाजू कळते, अर्धवेळ नोकरीला कंपनीचा विमा नसतो आणि मेडिकेडला ती आधी श्रीमंत ठरायची.

आणि बंदुका. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचला सरकारी इमारतीत गोळीबार झाला, १२ लोक गेले. गव्हर्नर (इथे लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) नॉर्थम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. आमच्या ऑफिसात दोघे-तिघे फोनवर बघत होते, जेवायच्या सुट्टीत बघू म्हणून लावलं आणि दीड तासात अधिवेशन संपलंसुद्धा, बहुमतवाल्या रिपब्लिकनांनी एकही विधेयक मताला न टाकता सगळं निवडणुकीनंतरवर ढकललं. माझ्या मते या निवडणुकीतला सगळ्यात मोठा प्रचार कुणी केला असेल तर तो या दीड तासाने.

५ नोव्हेंबर २०१९. मॅडमना साधारण ५४ टक्के मतं. त्या वर्षी सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सनी दोन जागा खेचल्या, त्यातली एक रिकामी होती, म्हणजे बसलेल्या सिनेटरला हरवून आलेल्या या एकट्याच. आणि आकडा काय झाला? २१ विरुद्ध १९. सांगितलं होतं ना लक्षात ठेवा.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत राज्याचं गाडं कुठल्या कुठे गेलं. बायकांना घटनेत समान हक्क देणारी दुरुस्ती मंजूर करणारं ३८ वं राज्य व्हर्जिनिया झालं. बंदूक विकताना प्रत्येक वेळी पार्श्वभूमी तपासायची, महिन्याला एकच पिस्तूल, धोकादायक माणसाकडून कोर्टाच्या हुकुमाने बंदूक काढून घ्यायची, हे कायदे झाले, आणि त्याविरुद्ध २० जानेवारी २०२० ला रिचमंडच्या रस्त्यावर वीस हजारांच्या वर माणसं जमली, बरीचशी बंदुका घेऊनच. किमान वेतन वाढवायचा कायदा झाला, वीज कंपन्यांना कोळसा सोडायला लावणारा कायदा झाला.

पण माझ्या डोळ्यासमोर राहिलंय ते पुतळ्यांचं. रिचमंड ही अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेची राजधानी, इथल्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवर त्या सेनापतींचे घोड्यावरचे पुतळे शंभर-शंभर वर्षं उभे. शहराला काढायचे होते तरी काढता येत नव्हते, कारण युद्धस्मारकाला हात लावायचा नाही असा राज्याचा कायदा. व्हर्जिनियात नियम असा की राज्य जेवढा अधिकार हातात देईल तेवढाच शहराला, त्याबाहेर महापौर बोटही हलवू शकत नाही. २०२० च्या अधिवेशनाने तो कायदा बदलला, नवा नियम १ जुलैपासून लागू, आणि त्याच दिवशी महापौर लिव्हार स्टोनी यांनी क्रेन बोलावली. धो धो पाऊस. मी घरून काम करत होतो, लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात मीटिंग, दुसऱ्या कोपऱ्यात जनरल जॅक्सनचा घोडा पट्ट्यात लटकतोय, खाली लोक भिजत टाळ्या वाजवतायत. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला त्यावरून महिनाभर आधीपासून आंदोलन पेटलं होतं, दबाव रस्त्यावरचा होता हे खरंच, पण क्रेनला कायद्याची परवानगी मिळाली ती त्या २१ विरुद्ध १९ वाल्या सभागृहातून.

मामांना हे नंतर कधीतरी सांगितलं तेव्हा त्यांनी बरोबर आपल्या मुद्द्यावर आणलं, "म्हंजे आपला मराठी माणूस कुणी नाही का त्यात?" आहे की. नागपूरच्या स्वाती दांडेकर. १९७३ ला अमेरिकेत आल्या, आयोवा राज्यात मॅरियन नावाच्या गावी, १९९६ पासून तिथल्या स्कूल बोर्डावर, २००२ ला आयोवाच्या खालच्या सभागृहात. त्या निवडणुकीत विरोधी उमेदवार बाईंचा एक ईमेल बाहेर आला, की ही भारतात जातिव्यवस्थेत वाढलेली, ही आयोवाचे कायदे कसे करणार. लोकांनी निवडून दिलं दांडेकरांनाच. २००८ ला त्या आयोवाच्या सिनेटमध्ये गेल्या. आणि २०११ ला काय झालं बघा. सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४, दांडेकर डेमोक्रॅट. रिपब्लिकन गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना राज्याच्या वीज-गॅस नियामक मंडळावर नेमलं, त्यांनी सीट सोडली, आणि अख्ख्या राज्याचं लक्ष एका पोटनिवडणुकीवर, कारण ती गेली तर २५-२५. दोन्ही पक्षांनी पैसा ओतला. शेवटी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या लिझ मॅथिस डेमोक्रॅट्सकडून जिंकल्या आणि बहुमत वाचलं. दांडेकरांना पुढे ओबामांनी आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या संचालक म्हणून पाठवलं, राजदूताच्या दर्जाने. मामांना एवढंच हवं होतं, "नागपूरची का, बरं बरं."

तर मॅडम २०२३ ला नव्या सीमा आखलेल्या पंधराव्या मतदारसंघातून पुन्हा आल्या. २०२४ ला गर्भनिरोधकं वापरण्याचा हक्क कायद्यात लिहायचं विधेयक त्यांनी आणलं, दोन्ही सभागृहांत पास झालं, तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांनी व्हेटो केलं, म्हणजे नामंजूर करून परत पाठवलं, आणि व्हेटो मोडायला दोन तृतीयांश लागतात, ते कुठून आणणार. एका सीटच्या बहुमताची ताकद किती आणि ती कुठे संपते, हे दोन्ही मॅडमनी सहा वर्षांत बघितलं.

मग २०२५. जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मॅडमनी अगदी थोडक्यात हरवलं ते, कोणाला सांगा, पुतळे काढणाऱ्या त्याच स्टोनींना, आणि नोव्हेंबरात जॉन रीड या रिपब्लिकन उमेदवाराला हरवून त्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या, राज्यभरातून मतं घेऊन अशा पदावर आलेली अमेरिकेतली पहिली मुस्लिम बाई. लगेच नांदेडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड फिरला, हैदराबादची कन्या अमेरिकेत उपराज्यपाल, आणि मामांचा फोन. "उपराज्यपाल म्हंजे दिल्लीसारखं का? केंद्रानं नेमलं का तिला?"

या वेळी मी घाई केली नाही. म्हटलं मामा, शब्द तोच पण नेमणूक नाही, लोकांनी निवडलंय. गव्हर्नरला काही झालं तर ही जागा घेते, आणि रोजचं काम म्हणजे सिनेटच्या अध्यक्षपदी बसायचं, २०-२० झालं की बहुतेक वेळा हिचं मत निर्णायक. म्हणजे ज्या सभागृहात बाकावर बसायची तिथेच आता वर खुर्चीत.

"आणि तो पडलेला? पहिल्या वेळचा?"

स्टर्टेव्हंट? ते २०२३ ला शेजारच्या मतदारसंघातून परत निवडून आले मामा, तिथेच आहेत सभागृहात. बोलायला उभं राहिलं की आधी अध्यक्षांना उद्देशून बोलायचं अशी पद्धत आहे, त्यामुळे आता त्यांना प्रत्येक वेळी सुरुवात "मॅडम प्रेसिडेंट" अशी करावी लागते.

मामा इतके हसले की फोन हातातून पडला, नंतर बराच वेळ मला नुसता पंखा दिसत होता.